शटर, झड आणि उंबरठा : भिवंडीतील गुंडाळी-दारांच्या टिकाऊपणाचा विचार

दुकानाच्या अथवा कारखान्याच्या तोंडाशी लावलेले, पोलादी पट्ट्यांचे आणि वर गुंडाळले जाणारे दार सर्वत्र ‘शटर’ या एकाच नावाने ओळखले जाते. चोरापासून मालाचे रक्षण व्हावे हा त्याचा मूळ हेतू होय. भिवंडीसारख्या गावी मात्र मालास चोराइतकेच भय पावसाचे असते. यंत्रमागाच्या खोलीत पडलेले बिमाचे सूत, गाठी बांधून ठेवलेले कोरे कापड, महामार्गालगतच्या गोदामांत रचलेली पुठ्ठ्याची खोकी या साऱ्यांचा नाश करण्यास शटराखालून शिरलेले अर्धा इंच पाणी पुरेसे असते. लहान मागवाल्याच्या बाबतीत ही हानी त्याच्या हंगामाच्या कमाईएवढी असू शकते. तथापि शटर बसवून घेताना जो कागद लिहिला जातो त्यात लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी व दर यांपलीकडे बहुधा काही नसते. पाऊस हा शब्द तेथे क्वचितच आढळतो. शटर कोठे झिजते, कोठून गळते आणि त्यावर उपाय कोणते याचे विवेचन करणे, आणि त्यासाठी लागणारी शब्दसामग्री मराठीत कितपत सिद्ध आहे हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. वस्तू आणि तिची नावे

ऑस्ट्रियन भाषाभ्यासक रुडॉल्फ मेरिंगर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९०९ मध्ये ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाचे नाव असलेले जर्मन नियतकालिक सुरू केले. शब्दाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर त्या शब्दाने दाखविलेली वस्तू, तिची घडण आणि तिचा वापर यांचाही अभ्यास केला पाहिजे, हे त्या अभ्यासपद्धतीचे सूत्र होते. शटराच्या बाबतीत हे सूत्र उलट्या दिशेनेही लागू पडते. ज्या भागास नाव आहे त्याकडे लक्ष जाते, तो मोडला की दुरुस्त होतो. ज्यास नाव नाही तो मात्र उपेक्षित राहतो.

शटर येण्यापूर्वी आपल्याकडील पेठांतून दुकाने फळ्यांनी बंद होत. उंबरठ्यात एक व वरच्या तुळईत एक अशा दोन खाचा असत, आणि त्यांत एकामागून एक उभ्या फळ्या सरकवून शेवटच्या फळीस अडसर व कुलूप लावीत. ‘फळ्या लावणे’ म्हणजे दुकान बंद करणे. ‘बंद’ हा शब्द अशुभ म्हणून टाळावयाचा असेल तर ‘दुकान वाढविणे’ असे म्हणत. शटर आल्यावर भाषा बदलली. आता ते ‘पाडतात’, ‘ओढतात’ किंवा ‘वर करतात’. इंग्रजीतून आलेल्या या शब्दास मराठीने ‘दार’ या शब्दाप्रमाणेच नपुंसकलिंग दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शटराच्या अवयवांची नावे मात्र बहुतेक परकीयच राहिली. आडव्या पोलादी तुकड्यास ‘पट्टी’ म्हणतात, हा एक अपवाद. बाजूच्या खाचेस ‘गाइड’, वरच्या नळीस ‘पाइप’, तीवरील वेटोळ्यास ‘स्प्रिंग’, तळाच्या जाड पट्टीस ‘बॉटम’, गुंडाळीवरील पत्र्याच्या पेटीस ‘कव्हर’ हे शब्द रूढ आहेत. भिवंडीत मराठीच्या जोडीला उर्दू, हिंदी, तेलुगू आणि गुजराती बोलणारे लोक एकाच गल्लीत काम करतात. अशा ठिकाणी सर्वांस समान असणारे इंग्रजी शब्द टिकावेत यात नवल नाही. नवल आहे ते अन्यत्र. गाइड आणि भिंत यांमधील फट, कव्हर आणि तुळई यांमधील पोकळी, बॉटम आणि फरशी यांमधील अंतर या तिन्ही जागांस कारागिराच्या बोलीत स्वतंत्र नाव बहुधा नसते. आणि पाणी नेमके याच तीन ठिकाणांहून आत येते.

२. पाऊस दारावर कसा येतो

उत्तर कोकणात पावसाळ्याचे वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम या दिशांनी वाहतात. वाऱ्याबरोबर तिरपा येऊन दारा-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या पावसास मराठीत ‘झड’ हा नेमका शब्द आहे. सरळ पडणारा पाऊस आणि झड यांतील भेद शटराच्या दृष्टीने निर्णायक होय, हे साध्या गणिताने दाखविता येते.

मोठ्या थेंबाचा खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर धरला आणि वाऱ्याचा आडवा वेग सेकंदाला १० मीटर असला, तर थेंब ७ मीटर खाली येईपर्यंत १० मीटर आडवा जातो. अशा वेळी भिंतीबाहेर ६० सेंटिमीटर आलेला छज्जा आपल्याखालील केवळ ४२ सेंटिमीटर उंचीचा भाग कोरडा ठेवू शकतो. तीन मीटर उंचीच्या शटरापैकी अडीच मीटरांहून अधिक भाग भिजतोच. छज्जा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. भिंतीवरून ओघळणारे पाणी तो कव्हरावर पडू देत नाही, हे त्याचे खरे कार्य आहे. आणि त्यासाठी त्याच्या खालच्या अंगास, कडेपासून थोडे आत, पागोळी तुटून पडावी अशी एक खाच असावी लागते. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाशी चिकटून पुन्हा भिंतीकडे येते.

वाऱ्याचे दुसरे कार्य म्हणजे दाब. हवेच्या दाबाचे सूत्र सोपे आहे : सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्यास ०.६ ने गुणिले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. वारा सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने वाहत असेल तर हा दाब २४० न्यूटन होतो, आणि तो सुमारे २४ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की बॉटमच्या आतील बाजूस दहा मिलिमीटर उंचीचा उंबरठा ठेवला तर जोराच्या झडीत बाहेर साचलेले पाणी त्यावरून आत ढकलले जाते. चाळीस मिलिमीटर ठेवला तर ते सहसा चढत नाही. आपल्या पूर्वजांनी घराचा उंबरठा उंच ठेवला त्यामागे धार्मिक भावनेबरोबर हे कारणही असावे असे मानण्यास जागा आहे. हातगाडी व मालाची ट्रॉली सहज जावी म्हणून आजच्या गोदामांतून उंबरठा नाहीसा झाला आहे. त्यावर तोड अशी की आतली फरशी चाळीस मिलिमीटर उंच ठेवून शटर तिच्या कडेबाहेर, खालच्या पातळीवर टेकवावे, बाहेरच्या जमिनीस रस्त्याकडे उतार द्यावा आणि शटरासमोर जाळी घातलेली पन्हळ काढावी. गाडी जाण्यासाठी तेवढ्यापुरती उतरती लोखंडी पट्टी ठेवता येते.

वादळी वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वरील सूत्राने त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन येतो. तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच शटरावर ही एकूण रेटणी एक टनाहून अधिक होते. हा भार पट्ट्या वाकून अखेर गाइडवर टाकतात. पट्टीचे टोक गाइडमध्ये पुरेसे खोल गेलेले नसेल तर वाकलेली पट्टी खाचेतून निसटते, आणि एक निसटली की इतर पट्ट्या तिच्यामागून जातात.

३. मानक काय सांगते

धातूच्या शटरांसंबंधीचे भारतीय मानक क्रमांक ६२४८ हे १९७१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले व १९७९ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार साडेतीन मीटरपर्यंत रुंदीच्या शटरासाठी पट्टीचा पत्रा किमान ०.९० मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटरासाठी किमान १.२५ मिलिमीटर जाड असावा. गाइडची खोली साडेतीन मीटरपर्यंत किमान ६५ मिलिमीटर व त्यापुढे ७५ मिलिमीटर सांगितली आहे. हाताने ढकलून उघडावयाचे शटर आठ चौरस मीटरपर्यंतच असावे, नळीस बॉल बेअरिंग बसविल्यास ही मर्यादा बारा चौरस मीटर धरावी, आणि त्याहून मोठ्या शटरास साखळी व गिअर यांची योजना करावी, असा त्यातील आशय आहे.

या अंकांमागील कारण पाहण्यासारखे आहे. १.२५ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा दर चौरस मीटरला ९.८ किलो भरतो. नऊ चौरस मीटरचे वजन सपाट धरले तरी ८८ किलो होते, आणि पट्टीच्या वळणांत अधिक पत्रा जात असल्यामुळे प्रत्यक्ष वजन त्याहून बरेच जास्त असते. एवढे ओझे मनुष्य एका हाताने वर ढकलू शकतो तो केवळ स्प्रिंगमुळे. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते व ती शक्ती वर जाताना परत देते. स्प्रिंग ढिली पडली की शटर जड होते. ओढणारा मग जोराने हिसका देतो, पट्ट्या तिरप्या होतात, त्यांची टोके गाइडला घासतात आणि तेथला रंग व जस्त निघून जाते. गंज तेथून सुरू होतो. म्हणजे जड चालणारे शटर ही केवळ श्रमाची बाब नव्हे, ती गंजाची पूर्वसूचना आहे. स्प्रिंग तुटल्यास तर सारे वजन एकदम खाली येते. पिळलेली स्प्रिंग सोडविणे हे जाणत्या कारागिराचेच काम होय. साचलेल्या शक्तीने हात मोडू शकतो.

४. गंज कोठे धरतो

साधे पोलाद, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो हे सर्वश्रुत आहे. शटराच्या बाबतीत महत्त्वाचे ते हे की सर्व पृष्ठभाग सारखा गंजत नाही. गंजाची स्थाने ठरलेली असतात.

पहिले स्थान दोन पट्ट्यांचा सांधा. वरच्या पट्टीची खालची कड आणि खालच्या पट्टीची वरची कड एकमेकींत आकड्याप्रमाणे अडकविलेली असते. त्या अरुंद वळणात शिरलेले पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते, आणि तेथे रंगाचा कुंचला पोहोचत नाही. जोडणी करताना कौलांचा नियम पाळणे आवश्यक आहे. जसे वरचे कौल खालच्या कौलावर येते तशी वरच्या पट्टीची कड बाहेरच्या अंगाने खालच्या पट्टीवर आली पाहिजे. पट्ट्या उलट्या बसविल्यास प्रत्येक सांधा ही एक छोटी पन्हळ होते व ती पाणी आत पोहोचविते.

दुसरे स्थान गाइडचा पायथा. गाइड फरशीच्या काँक्रीटमध्ये गाडण्याची रीत आहे. खाचेतून उतरलेले पाणी तेथे साचते, त्यात धूळ व तूस मिसळते, आणि गाइड प्रथम तळाशी कुजते. गाइड फरशीपासून थोडे वर संपवावे अथवा त्याच्या तळाशी बाहेरच्या बाजूस निथळण्यासाठी भोक ठेवावे.

तिसरे स्थान कव्हराच्या आतील गुंडाळी. पावसाळ्यात सकाळी भिजलेले शटर तसेच वर ढकलले जाते आणि दिवसभर तेथे ओलसर गुंडाळलेले राहते. ओले कापड घडी करून ठेवल्यास त्याचे काय होते हे भिवंडीतील कोणास सांगावयास नको. पोलादाचेही तसेच होते. शिवाय खाडीकडून येणारे क्षार उघड्या पृष्ठभागावरून पावसाने धुतले जातात, आडोशाच्या जागी मात्र साचत राहतात. म्हणून बाहेरून स्वच्छ दिसणारे शटर आतून पोखरलेले असू शकते.

जस्ताचा थर हा यावरचा मुख्य उपाय होय. जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते. जस्तलेपित पत्रा दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे यावर ओळखला जातो. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर दर बाजूस सुमारे १९ मायक्रॉन, तर १२० ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे ८ मायक्रॉन थर असतो. दमट व मध्यम क्षारयुक्त हवेत जस्त वर्षाला सुमारे २ मायक्रॉन झिजते असे धरल्यास पहिला पत्रा नऊ-दहा वर्षे व दुसरा चारच वर्षे निभावेल. डोळ्यांस दोन्ही पत्रे सारखेच चकचकीत दिसतात. म्हणून ‘जीआय पत्रा’ एवढेच लिहून भागत नाही, ग्रॅमचा आकडा लिहावा लागतो. जस्तावर रंग चढविल्यास आयुष्य आणखी वाढते. मात्र नव्या जस्तावर साधा रंग धरत नाही, त्याआधी जस्तासाठी असलेले अस्तर द्यावे लागते. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, तेथे जस्तयुक्त रंगाचा हात मारणे अपरिहार्य आहे. पूर्वी लोखंडास शेंदराचे अस्तर देत असत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी कडक मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. जस्त-फॉस्फेटचे अस्तर हा आज उपलब्ध असलेला योग्य पर्याय होय.

यंत्रमागाच्या खोलीत आणखी एक अडचण असते. तेथील हवेत कापसाचे तूस सदैव तरंगत असते. गाइडमध्ये ओले ग्रीस भरले तर ते तूस धरते, त्याचा लगदा होतो, आणि तो लगदा ओल धरतो. अशा ठिकाणी ग्रीस फक्त बेअरिंगला द्यावे. गाइडमध्ये सुके ग्राफाइट किंवा मेण वापरावे, आणि त्याआधी खाच ब्रशने झाडून घ्यावी.

५. फटी बंद करण्याचे उपाय

शटर हे अनेक सांध्यांचे दार असल्यामुळे ते बाटलीच्या बुचाप्रमाणे घट्ट होणे शक्य नाही. म्हणून पाणी शक्यतो बाहेर अडवावे, आणि जे आत येईल त्यास परत बाहेर जाण्यास वाट द्यावी, असे दुहेरी धोरण ठेवावे लागते.

बॉटमखाली रबराची पोकळ पट्टी बसविली असता ती फरशीच्या लहानसहान उंचसखलपणाशी जुळवून घेते. साधे रबर उन्हाने तडकते. उन्हात टिकणारे ईपीडीएम रबर काहीसे महाग पडले तरी निवडावे. गाइडच्या दोन्ही ओठांस नायलॉनच्या केसांचा ब्रश लावल्यास झडीचा जोर मोडतो, धूळ अडते व पट्ट्यांचा वाऱ्यातील खडखडाटही कमी होतो. कव्हर व तुळई यांमधील पोकळीस रबराचा पडदा लावावा. तो गुंडाळीच्या बाहेरच्या अंगास हलका टेकलेला असावा. कव्हराचा माथा सपाट न ठेवता बाहेर उतरता करावा. गाइड व भिंत यांमधील फट सिमेंटने भरण्याची चाल आहे. परंतु पोलाद व सिमेंट उष्णतेने व हादऱ्याने वेगवेगळे हलतात, त्यामुळे तेथे पहिल्याच वर्षी केसासारखी भेग पडते. त्या ठिकाणी लवचिक राहणारा सिलिकोन अथवा पॉलियुरेथेनचा लेप हवा.

फटी बंद केल्या की एक नवा प्रश्न उभा राहतो. आतील दमट हवेस वाट उरत नाही. कोंदट, ओलसर हवेत सुती कापडास बुरशी धरते. म्हणून वरच्या भागी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस, तिरप्या झडपांची हवेची खिडकी असावी. तसेच शटर हाच एकमेव मार्ग असलेल्या खोलीत माणसे काम करीत किंवा झोपत असतील तर, गंजून अडकलेले अथवा बाहेरून कुलूप लावलेले शटर आगीच्या वेळी प्राणघातक ठरते. दुसरे, बाहेर उघडणारे साधे दार असणे ही तेथे चैन नसून किमान गरज आहे.

६. पूर : शटराची मर्यादा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ठाणे जिल्ह्याच्या सखल भागांतही पाणी शिरले. भिवंडीत कामवारी नदी फुगली की तिच्या काठची वस्ती व तीनबत्तीसारखा बाजाराचा भाग पाण्याखाली जातो. अशा वेळी शटरापासून संरक्षणाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. साचलेल्या पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मीटर रुंद शटराबाहेर अर्धा मीटर पाणी असेल तर सुमारे ३७५ किलो, आणि एक मीटर असेल तर सुमारे १५०० किलो भार पडतो. बॉटम आत ढकलली जाते व पट्ट्या कायमच्या वाकतात.

येथे जुन्या फळ्यांची आठवण उपयोगी पडते. शटराच्या बाहेर दोन्ही बाजूंस पोलादी खाच बसवून तीत पुराच्या दिवसांत आडव्या फळ्या, खाली रबर लावून, एकावर एक रचता येतात. पूरग्रस्त नगरांतून जगभर ही युक्ती वापरली जाते. फळ्या उभ्याऐवजी आडव्या झाल्या एवढाच फरक. तत्त्व आपल्या पेठेतीलच आहे. अर्धा-पाऊण मीटर उंचीपर्यंत त्या उपयोगी पडतात. त्यापलीकडे माल उंच घडवंचीवर ठेवणे हाच मार्ग उरतो.

७. कागदावर काय लिहावे

वरील विवेचनात आलेले झड, पागोळी, पन्हळ, उंबरठा, खाच, फळी, निथळणे, अस्तर हे शब्द मराठीत प्राचीन काळापासून नांदत आहेत. पावसाशी दीर्घ परिचय असलेल्या समाजाची ती शब्दसंपत्ती होय. नव्या वस्तूबरोबर आलेल्या इंग्रजी नावांस हटविण्याचे कारण नाही. ‘गाइड’ व ‘स्प्रिंग’ हे शब्द आता सर्वांच्या तोंडचे आहेत. ज्या जागांस नाव नाही तेथे मात्र हे जुने शब्द कामास लावता येतील. गाइडलगतच्या फटीस ‘भिंतफट’, कव्हरामागील पोकळीस ‘माथाफट’ आणि बॉटमखालील अंतरास ‘उंबरफट’ म्हटले तर कारागीर व गिऱ्हाईक यांना एकच गोष्ट एकाच शब्दाने दाखविता येईल, आणि गळतीची तक्रार ‘शटर गळते’ इतकी मोघम राहणार नाही.

त्यानुसार शटराच्या कामाचा करार पुढीलप्रमाणे लिहिता येईल. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये व जस्त ग्रॅममध्ये नमूद करावे. वरच्या पट्टीची कड बाहेरून खालच्या पट्टीवर येईल अशी जोडणी असावी. गाइडची खोली मानकाप्रमाणे असून त्याच्या तळाशी निथळण्याचे भोक असावे. भिंतफट लवचिक लेपाने, माथाफट रबरी पडद्याने व उंबरफट ईपीडीएम पट्टीने बंद करून द्यावी. वेल्डिंगच्या सर्व जागी जस्तयुक्त रंग द्यावा. काम पुरे झाल्यावर नळीने बाहेरून, वरून व तिरपे, पंधरा मिनिटे पाणी मारून आतील फरशी कोरडी राहते हे दोघांनी मिळून पाहावे आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.

देखभालीचे वेळापत्रकही तितकेच साधे आहे. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास खाचा झाडाव्यात, निथळभोके मोकळी करावीत, रबर तपासावे. मृग लागण्यापूर्वी हे उरकावे. पावसाळ्यात शटर वर करण्यापूर्वी बाहेरून एकदा फडके फिरवावे. दिवाळीच्या आधी, हवा कोरडी झाल्यावर, घासल्या गेलेल्या जागी अस्तर व रंगाचा हात द्यावा. एवढे झाले तर रात्री दुकान वाढवून घरी जाणाऱ्यास पावसाचा आवाज ऐकून पुन्हा उठून यावे लागणार नाही.